वारा वाढला की समुद्र खडबडीत होतो. मग ताशी ११८ किमीनंतर काय होतं?

निवांत_पुळण

तौक्ते चक्रीवादळाच्या वेळचे (मे २०२१) नौदलाच्या बचावकार्याचे व्हिडिओ परवा पुन्हा बघण्यात आले. त्यात एक गोष्ट डोळ्यांना खटकते. लाटा आहेतच, पण पाण्याला पाण्याचा रंगच नाही. वाऱ्याच्या दिशेने ओढलेले पांढरे पट्टे, वर उडणारा फवारा, आणि पाणी कुठे संपलं नि हवा कुठे सुरू झाली याचा पत्ता लागत नाही. त्यावरून वाचायला घेतलं. जे हाती लागलं ते मांडतोय. इथे बोटीवर उमेदीची वर्षं घालवलेली माणसं आहेत, त्यांनी भर घालावी.

वारा पाण्याला जो रेटा देतो तो वेगाच्या वर्गाच्या हिशेबात वाढतो, इथवर शाळेतलं गणित चालतं. वारा ताशी ३६ किमी (सेकंदाला १० मीटर) असेल तर एका चौरस मीटर पाण्यावर साधारण ०.१६ न्यूटन रेटा बसतो. अगदी नगण्य वाटतो, पण समुद्र मोठा आहे. आता वारा तिप्पट करा, ताशी १०८. वर्गाच्या हिशेबाने रेटा नऊ पट व्हायला हवा. प्रत्यक्षात तो चौदा-पंधरा पट होतो. जास्तीचा भाग येतो पृष्ठभागातून. वारा वाढेल तसं पाणी खडबडीत होतं, आणि खडबडीत पाण्यावर वाऱ्याची पकड जास्त बसते. जमिनीवर असं होत नाही. वाऱ्याने डोंगर उंच होत नाहीत. समुद्रावर मात्र वारा स्वतःच्या वाटेतले अडथळे स्वतः तयार करतो आणि मग त्यांनाच अडतो.

ही पकड मोठ्या लाटांवर जितकी बसते त्याहून जास्त बारीक तरंगांवर बसते, हे मला नवीन होतं. दोनेक सेंटिमीटरपेक्षा लहान तरंगांना सपाट करायचं काम गुरुत्वाकर्षण करत नाही, पाण्याचा पृष्ठताण करतो. वाऱ्याची झुळूक आली की पाण्यावर जी शिरशिरी धावते ती हीच. ती उठते कशी याचे दोन खुलासे एकाच वर्षी आले, १९५७ साली. फिलिप्स म्हणाले की वाऱ्यातल्या भोवऱ्यांचे दाबाचे हेलकावे सपाट पाण्याला पहिला धक्का देतात. माइल्स म्हणाले की एकदा तरंग उठला की तो वरच्या हवेचा प्रवाह असा वाकवतो की वारा त्यालाच पोसू लागतो. सुरुवातीला फिलिप्स, पुढे माइल्स, असं दोन्ही लागतं.

आता खरी गंमत. ही पकड वाऱ्याबरोबर वाढत जाते, आणि सेकंदाला ३३ मीटरच्या आसपास वाढायची थांबते. पॉवेल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अटलांटिक-पॅसिफिकमधल्या वादळांची मोजमापं छापली, त्यात हे दिसलं. पुढच्याच वर्षी डोनेलन यांच्या गटाने प्रयोगशाळेतल्या टाकीतही साधारण त्याच वेगाला तेच पाहिलं. ३३ मीटर म्हणजे ताशी ११८-११९ किमी. आपलं हवामान खातं ज्या आकड्यापासून वादळाला ‘व्हेरी सिव्हिअर’ म्हणतं, तोच आकडा!

तर प्रश्न असा: लाटा वाढत असताना पकड का वाढत नाही?

---

वाचनमात्र

वाखुसा (वाचनखूण साठवली). पण न्यूटन आले की माझी होडी बुडते. कुणीतरी इस्कटून सांगा.

---

चीफ_ऑफिसर_निवृत्त

चांगला धागा. मी उपकरणांपेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवणाऱ्या पिढीतला, तेव्हा तिथूनच सुरू करतो.

जहाजाच्या ब्रिजवर दर वॉचला लॉगमध्ये वाऱ्याचा जोर लिहावा लागतो, तो ब्यूफोर्टच्या मापात. ब्रिटिश नौदलातल्या ब्यूफोर्टने १८०५ च्या सुमाराला हे माप बसवलं तेव्हा त्यात समुद्राचं वर्णन नव्हतंच; युद्धनौकेने किती शिडं ठेवावीत यावरून जोर ठरे. शिडं गेली, वाफ आली, मग काय बघायचं? १९२७ मध्ये पीटरसन नावाच्या जर्मन कप्तानाने प्रत्येक जोराला समुद्र कसा दिसतो ते लिहून काढलं. आजही आम्ही तेच बघतो. ३ ला तुरळक पांढरी टोकं. ७ ला फेस वाऱ्याच्या दिशेने ओढला जाऊन त्याचे पट्टे पडू लागतात. ९ ला फवाऱ्यामुळे दिसणं कमी होतं. १२ ला हवा फेसाने आणि तुषारांनी भरलेली, समुद्र सगळा पांढरा. १२ सुरू होतो ६४ नॉटला, म्हणजे पुन्हा तुमचे ते ११८.

दक्षिण हिंदी महासागरात, जून-जुलैत, १० पाहिलेला आहे. तिथे लाटांचा माथा नीट फुटत नाही. फुटायच्या आधी वारा तो कापून नेतो. लाट उंच असते पण तिच्या पाठीवर सगळीकडे पांढरी जाळी. आणि आवाज. व्हीलहाउसचं दार बंद करूनही शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं.

रडारवर त्या वेळी आजूबाजूचे काही मैल नुसता खडखडाट, ज्याला आम्ही सी-क्लटर म्हणतो. लाकडी होडी त्यात असेल तर ती दिसत नाही. मच्छीमारांनी हे लक्षात ठेवावं: मोठ्या जहाजाला रडार आहे म्हणजे त्याला तुम्ही दिसताय असं नाही.

---

शंकेखोर

@निवांत_पुळण, लेख छान. पण माझं नाव सार्थ करतो. ताशी ११८ च्या वाऱ्यात समुद्रावर मोजमाप केलं कोणी? जहाजं तर पळ काढतात. बोया उलटतात. मग पकड थांबली हे कळलं कसं? प्लॅस्टिकच्या टाकीतल्या पाण्यावरून?

---

ढगांच्या_गावा

शंकेखोर, रास्त शंका. (मी याच विषयात काम करते, त्यामुळे थोडं लांबेल.)

२००३ चं काम टाकीतलं नव्हतं. वादळात घुसणाऱ्या अमेरिकी विमानांतून ड्रॉपसोंड टाकतात. हातभर लांबीची नळी, तिला छोटी हवाई छत्री, आत जीपीएस, तापमान-दाब-आर्द्रतेचे संवेदक. ती खाली पडताना वाऱ्याबरोबर वाहत जाते, म्हणून तिच्या सरकण्यावरून दर काही मीटरला वारा किती ते कळतं. १९९७ पासून जीपीएसवाल्या आल्या आणि पहिल्यांदाच अगदी पाण्याला टेकेपर्यंतचा वारा दिसू लागला. पॉवेल यांनी अशा ३३१ नळ्यांची मोजणी एकत्र केली. पाण्याकडे येताना वारा किती झपाट्याने कमी होतो त्यावरून पाण्याची पकड काढता येते. पकड घट्ट, तर वेग झपाट्याने घसरतो. वारा सेकंदाला सुमारे ३३-३४ मीटरच्या पुढे गेल्यावर घसरण आणखी तीव्र व्हायला हवी होती, झाली नाही. नंतरच्या काही मोजमापांत ती सपाट राहते, काहींत थोडी उतरते. पण पूर्वी जो आलेख सरळ वर ताणत नेत, तो चुकीचा ठरला, यावर आता वाद नाही.

आणि टाकीबद्दल: मायामी विद्यापीठात सस्टेन नावाची टाकी आहे, २३ मीटर लांब, पारदर्शक, तिच्यात पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या, श्रेणीच्या हरिकेनचा (अमेरिकेकडच्या चक्रीवादळाचा) वारा काढता येतो. तिला ‘प्लॅस्टिकची टाकी’ म्हटलंत तर तिथले लोक जेवण टाकतील. :)

आता मूळ प्रश्न, पकड का थांबते. तीन उत्तरं आहेत आणि तिन्हींत थोडंथोडं तथ्य आहे.

एक, हवा लाटांवरून उडी मारते. लाटा उभ्या आणि तीव्र झाल्या की हवेचा प्रवाह माथ्यावरून सुटतो आणि थेट पुढच्या माथ्याला लागतो. मधल्या खळग्यातलं पाणी, त्यातले बारीक तरंग, वाऱ्याला दिसतच नाहीत. खडबड आहे, पण आडोशात आहे. डोनेलन यांचा भर यावर होता.

दोन, फेस. चीफसाहेबांनी सांगितलेले पट्टे पसरत पसरत एक सलग थर होतो. पाणी आणि हवा यांच्यामध्ये एक तिसराच पदार्थ येतो, आणि वारा त्यावरून घसरतो, ओल्या फरशीवरच्या साबणावरून पाय घसरावा तसा.

तीन, तुषार. माथ्यावरून फाटून निघालेले थेंब हवेत चढतात. त्यांना वेग द्यायला वाऱ्याची शक्ती जाते, आणि भरलेली जड हवा खालच्या थरातली घुसळण दाबते. थेंब पुन्हा पाण्यात पडतात तेव्हा तो वेग पाण्याला देतातही. त्यामुळे हिशेब कुठल्या बाजूला झुकतो हे थेंबांच्या आकारावर अवलंबून. इथेच लोक भांडतात.

---

अण्णा_डोंबोलीकर

ढगोबा, आमच्याकडे फक्त खाडी आहे आणि तिच्यावरचा फेस वाऱ्याचा नाही, कारखान्यांचा आहे. तो धरून चालेल का?

---

ढगांच्या_गावा

अण्णा, तो संशोधनाला नको, महापालिकेला द्या.

---

शंकेखोर

ठीक, मोजलं हे मान्य. पण एवढं महत्त्व कशाला? पकड थोडी कमी-जास्त, आपल्याला काय?

---

ढगांच्या_गावा

कारण वादळ समुद्राकडून दोन व्यवहार करतं. घेतं ती उष्णता: गरम पाण्याची वाफ होते, ती वर जाऊन पुन्हा पाणी होते तेव्हा उष्णता सुटते, तीच वादळाचं इंधन. देतं ती गती: पाण्याशी घासून वाऱ्याचा वेग जातो. केरी इमॅन्युएल यांनी १९९५ मध्ये दाखवलं की वादळ किती तीव्र होऊ शकेल हे या दोन देवाणघेवाणींच्या गुणोत्तरावर ठरतं. घासणं वाऱ्याबरोबर अमर्याद वाढत गेलं असतं तर ताशी २२०-२५० किमीची वादळं जगात असायला नकोत. पण ती आहेत. २०१९ चं क्यार आठवा, अरबी समुद्रातलंच, सुपर सायक्लोनपर्यंत गेलं. म्हणजे मोजण्याआधीच हिशेब सांगत होता की कुठेतरी पकड सुटत असणार.

अंदाजाच्या मॉडेलमध्ये हा आकडा जुन्या पद्धतीने वर ताणला तर वादळ प्रत्यक्षाहून मवाळ निघतं. हा फरक किनाऱ्यावरच्या माणसाला पोचतो, म्हणून महत्त्व.

उष्णतेच्या बाजूला मात्र असं ठसठशीत वळण सापडलेलं नाही. २००३ मध्ये फेबियन आणि इझाबेल या हरिकेनांत विमानं फार खालून नेऊन तेही मोजलं गेलं. वाफेचा गुणांक (वारा पाण्यातून किती सहज वाफ उचलतो त्याचं माप) वाऱ्याबरोबर फारसा वाढताना दिसला नाही. ती विमानं अगदी तीव्र वाऱ्यापर्यंत गेली नव्हती. त्यापुढे तुषारांमुळे तो वाढतो का, यावर मी दोन परिषदांतून आवाज चढलेले ऐकलेत.

---

हर्णैकरीण

मी नेहमी वाचते, लिहीत नाही. आज लिहिते कारण विषय घरचा आहे. आजोबा तांडेल, वडील तांडेल.

तुमचे ३३ मीटर वगैरे आम्हाला लागत नाहीत, त्याच्या फार आधी बोट आत येते. हर्णै बंदर उघडं, म्हणून वावधान (वादळी वारा) सुटलं की बोटी आंजर्ल्याच्या खाडीत घेतात. निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी (३ जून २०२०) मासेमारी बंदीचा कालावधी सुरू झालेला, बऱ्याच बोटी आधीच शाकारलेल्या होत्या, म्हणून तरी निभावलं. वडलांचं म्हणणं असं की त्या दिवशी खाडीत पाणी भरतीच्या वेळापत्रकाने चढलं नाही. ओहोटी लागायच्या वेळेलाही पाणी हटेना. ते म्हणतात वाऱ्याने दाबून धरलं. हे असं होतं का? की लाटा आत शिरल्या?

---

ढगांच्या_गावा

ताई, वडलांचं म्हणणं बरोबर आहे. लाटा वेगळ्या, हे वेगळं. वारा सतत किनाऱ्याकडे रेटत राहिला की पाण्याचा अख्खा थर चढाला लागतो, आणि त्या चढामुळे पाणी मागे येऊ पाहणारा जोर जेव्हा वाऱ्याच्या रेट्याइतका होतो तेव्हा थांबतो. गंमत अशी की हा चढ खोलीच्या उलट प्रमाणात असतो. निवांत यांनी वर ताशी १०८ किमीच्या वाऱ्याचा रेटा दिलाच आहे. तो १०० किमी लांब पट्ट्यावर, ३० मीटर खोल पाण्यात लावला तर किनाऱ्याशी पाणी सुमारे पाऊण मीटर चढतं. खोली १० मीटर असेल तर सव्वादोन मीटर. ३०० मीटर असेल तर जेमतेम सात-आठ सेंटिमीटर. वारा तोच.

म्हणून उथळ बंगालच्या उपसागराच्या टोकाला १९७० च्या भोला वादळासारखं भयंकर पाणी चढतं. आपल्याकडेही मुंबई ते खंभात पट्ट्यासमोर उथळ मंच खूप रुंद आहे, ३०० किमीच्या आसपास. गोव्याकडे आणि पुढे केरळाकडे तो अरुंद होत जातो. शिवाय वादळाच्या मध्याशी हवेचा दाब कमी असल्याने पाणी थोडं फुगतं, एक हेक्टोपास्कलला एक सेंटिमीटर. पण मोठा वाटा वाऱ्याचाच.

निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. हर्णै त्याच्या उजव्या बाजूला पडतं, आपल्या गोलार्धात तिथे वारा समुद्रावरून जमिनीकडे असतो. डाव्या बाजूला उलट, वारा जमिनीवरून समुद्राकडे, तिथे पाणी उतरूही शकतं.

---

चीफ_ऑफिसर_निवृत्त

आणि हे सगळं उधाणाच्या भरतीवर बसलं की संपलं. मुंबईत उधाणाची भरती साडेचार-पाच मीटर. वादळ ओहोटीला आलं की भरतीला, यावर नशीब ठरतं.

तौक्तेबद्दल एक गोष्ट. १७ मेला ते मुंबईच्या पश्चिमेने, खोल समुद्रातून वर सरकत होतं. कुलाब्याला ताशी शंभराच्या वर झोत नोंदले. त्या दिवशी पी-३०५ हा कामगारांच्या राहण्याचा तराफा (बार्ज) नांगर सुटून भरकटला आणि बुडाला, त्यावर २६१ माणसं होती, बरेच गेले. सगळे वाऱ्याचा आकडा विचारतात. नांगरावर वारा एकटा येत नाही. वाऱ्याचा रेटा सलग असतो, त्यावर लाटेचा हिसका, त्यावर वाऱ्यानेच सुरू केलेला प्रवाह. नांगराची साखळी सलग ओढीने क्वचित तुटते, हिसक्याने तुटते.

---

अण्णा_डोंबोलीकर

काडी टाकतो. सगळा खेळ बारीक तरंगांचा आहे म्हणता. मग समुद्रावर तेल ओतलं तर? लहानपणी गोष्टीत वाचलंय.

---

निवांत_पुळण

अण्णा, गोष्ट खरी आहे. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपहॅममधल्या तळ्यावर चमचाभर तेल टाकून अर्ध्या एकराचं पाणी शांत केलं आणि १७७४ मध्ये ते छापलं. तेलाचा थर रेणूंइतका पातळ पसरतो आणि पृष्ठताणात असा बदल करतो की बारीक तरंग उठल्याउठल्या विरतात. तरंग नाहीत, तर वाऱ्याला पकड नाही.

---

चीफ_ऑफिसर_निवृत्त

जुन्या लाइफबोटींच्या सामानात यासाठी तेलाचा डबा असे. माशाचं किंवा वनस्पती तेल, डिझेल नव्हे. त्याने माथे फुटायचे कमी होतात आणि होडीत पाणी कमी येतं. मोठी लाट तशीच राहते, तिचं तेल काही करू शकत नाही. आणि १२ च्या वाऱ्यात तेल पाण्यावर राहीलच कशाला, पहिल्या मिनिटाला फवाऱ्याबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात.

---

ढगांच्या_गावा

तेलाचं निघालंच आहे तर उपग्रहांचं सांगते, कारण दोन्हीचं मूळ एक. इस्रोचे ओशनसॅट-२ (२००९) आणि स्कॅटसॅट-१ (२०१६) समुद्रावरचा वारा मोजायचे, त्यांच्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच कामासाठी ईओएस-०६ सोडला. पण उपग्रहाला वारा दिसत नाही! तो रेडिओलहरी खाली सोडतो, त्यांची लांबी दोनेक सेंटिमीटर, आणि परत आलेल्या संकेतावरून पाण्यावरचे साधारण तशाच बारीक लांबीचे तरंग मोजतो. तरंग जास्त, म्हणून वारा जास्त. तेल सांडलं तर रडार-चित्रात तो भाग काळा दिसतो.

आणि वर जी अडचण सांगितली तीच इथेही येते. वादळाच्या जोरात तरंग वाढायचे थांबतात, फेस आणि पाऊस मधे येतो, संकेत तिथल्या तिथे राहतो. मग वेगळी युक्ती: जास्त लांबीच्या सूक्ष्मलहरी ऐकायच्या. फेसाळलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा जास्त सूक्ष्मलहरी सोडतं, आणि वारा वाढेल तसं हे वाढतच जातं, थांबत नाही. जो फेस एका उपकरणाला आंधळा करतो तोच दुसऱ्याला दाखवतो. मला या क्षेत्रात सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट ही.

@शंकेखोर, प्रत्यक्ष तिथे जाऊन बघायचंच असेल तर तेही झालंय. ३० सप्टेंबर २०२१ ला सॅम या हरिकेनमध्ये सेलड्रोन नावाची माणूस नसलेली होडी घुसवली. पंधरा मीटरच्या आसपास लाटा, ताशी १९० किमीच्या वर वारा. तिचा व्हिडिओ बघा. निवांत यांना जो पांढरा समुद्र दिसला तो तिथे जवळून दिसतो.

---

शंकेखोर

बघितला. माझी एक शंका कमी झाली, दुसरी आली. वारा एवढा घुसळतो तर खालचं गार पाणी वर येणार. इंधन गरम पाणी. म्हणजे वादळ स्वतःचीच चूल विझवतं?

---

ढगांच्या_गावा

हो, आणि ते सावकाश चाललं तर जास्त विझवतं. वादळ गेल्यावर मागे गार पाण्याचा पट्टा राहतो, बरेचदा २ ते ४ अंशांनी गार, उपग्रहातून ठळक दिसतो. उत्तर गोलार्धात मार्गाच्या उजवीकडे जास्त. कारण वादळ पुढे सरकताना उजवीकडच्या पाण्यावर वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत जातो, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ढकललेलं पाणीही त्याच दिशेने फिरतं (मुंबईच्या अक्षांशाला एक फेरा सुमारे ३७ तासांचा). दोघं एका तालात आले की पाण्याला गती जास्त, घुसळण जास्त.

पण हे चालतं ते खाली गार पाणी जवळ असेल तर. मे महिन्यात अरबी समुद्राचं वरचं पाणी ३० अंशांच्या वर तापलेलं असतं. बंगालच्या उपसागरात नद्यांचं गोडं पाणी वर तरंगतं आणि घुसळण खोल जाऊ देत नाही. अशा ठिकाणी चूल विझता विझत नाही.

---

हर्णैकरीण

मग पावसाळ्यातल्या वाऱ्याचं काय? तो तर महिनोन्‌महिने चालतो. वडील म्हणतात पावसाळ्यात खालचं पाणी वर येतं, म्हणून नारळी पौर्णिमेनंतर बांगडा-तारली.

---

निवांत_पुळण

त्याला नॅन्सन आणि एकमन लागतात. नॅन्सनची फ्राम ही नौका १८९३ ते ९६ आर्क्टिकच्या बर्फात अडकून वाहत गेली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बर्फ वाऱ्याच्या सरळ दिशेला न जाता २०-४० अंश उजवीकडे जातो. एकमनने १९०५ मध्ये त्याचं गणित मांडलं: वरच्या थरातलं पाणी एकूण मिळून वाऱ्याच्या काटकोनात, आपल्याकडे उजवीकडे, सरकतं. पावसाळ्यात केरळ-कर्नाटक-गोव्याच्या किनाऱ्याला वाऱ्याचा एक भाग किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे असतो. उजवीकडे म्हणजे खोल समुद्राकडे. वरचं पाणी बाहेर जातं, जागा भरायला खालचं गार, खतावलेलं पाणी चढतं. वनस्पती-प्लवक वाढतं, मासा येतो. सोमालिया आणि ओमानसमोर हे फार मोठ्या प्रमाणात, कारण तिथून मान्सूनचा सगळ्यात जोरकस झोत जातो, ज्याला फिंडलेटरचं नाव आहे.

---

ढगांच्या_गावा

भर: कोकणात हे गोव्या-केरळाइतकं ठसठशीत नाही. आणि वर येणाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, त्यामुळे ते फार जवळ आलं तर मासा पळतोही. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने यावर बरंच काम केलंय. यावर वेगळा धागा हवा, इथे नको.

---

वाचनमात्र

कमाल चर्चा. मला आता गुणांक कळला असं वाटतंय, कुणी विचारू नका. एक व्यवहारातला प्रश्न. इन्कॉइसच्या (समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) अंदाजात ‘लाटांची उंची ४ मीटर’ असं येतं. म्हणजे चार मीटरहून मोठी लाट येणार नाही ना? पुतण्या पावसाळ्यात किनाऱ्यावर रील काढायला जातो, त्याला दाखवायचंय.

---

चीफ_ऑफिसर_निवृत्त

नाही! हा गैरसमज माणसं घेऊन जातो. तो आकडा म्हणजे सगळ्यात उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी. अनुभवी माणूस डोळ्यांनी जी उंची सांगतो त्याच्या जवळपास जाणारी. काही तास उभं राहिलात तर त्याच्या जवळजवळ दुप्पट लाट एखादी येतेच. चार लिहिलं असेल तर खुल्या समुद्रात सात-आठची धरून चाला.

उंचीच्या शेजारी सेकंदात एक आकडा असतो, दोन माथ्यांमधला वेळ. तोही बघा. ६-७ सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याची लाट, तुटक. १४ सेकंद म्हणजे खोल पाण्यात तीनशे मीटर लांब, कुठल्यातरी दूरच्या वादळाची. इथे वारा पडलेला असेल, समुद्र छान दिसेल, आणि अशी लाट खडकावर अचानक तुमच्या डोक्याएवढी चढेल. केरळात याच प्रकाराला कळ्ळक्कडल म्हणतात. तिकडे ती दक्षिण महासागरातून काही दिवस प्रवास करून येते.

---

शंकेखोर

आणि खवळलेल्या समुद्राची सगळ्यात वरची पातळी ‘फिनॉमिनल’ म्हणतात ती?

---

चीफ_ऑफिसर_निवृत्त

१४ मीटरच्या वर. तेही त्याच सरासरीने. त्या वेळी पुतण्याला रील काढायला उजेड मिळणार नाही.

---

वाचनमात्र

पाठवलं त्याला. उत्तर आलं: “काका, मग सहा सेकंदवाल्या दिवशी जाऊ का?”

---

हर्णैकरीण

त्याला सांगा बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला आहे का ते आधी बघ. लागला असेल तर सेकंद मोजू नको.